कुलपातली ओवी

‘‘ओढू नको गं त्याला, पुट्टी. जातं घोड्यासारखं असतं. ओढलं की अडतं. तू नुसती त्याच्याबरोबर चाल.’’

लग्न होऊन या घरात आल्यावर सुष्माच्या कानावर पहिल्यांदा पडलेला सासूचा आवाज हा असा होता. जाडसर, थोडा खरखरीत, तळाशी गूळ राहिलेल्या कढईसारखा. सुष्मा टी. नरसीपूरची. तिच्या माहेरी मराठी बोलायची ती देवापुढे आणि भांडणात. बाकी सगळा संसार कन्नडात. जात्याबरोबर चालायचं म्हणजे काय करायचं ते न उमजून ती गिरिजाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हा त्या हसल्या, खुंट्यावरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि गायला लागल्या. गाणं सुरू झालं तसं जातं हलकं झालं. पीठ गळ्यानं पडतं, हातानं नाही, हे सुष्मा त्या दिवशी शिकली. आणि नव्या घरात आपलं कुणीतरी आहे, हेही.

आता तेच जातं हॉलच्या मधोमध चौरंगावर मांडलं होतं. चुन्याची बोटं ओढलेली, गळ्यात म्हैसूर मल्लिगेचा गजरा. शेजारी सुपात हळकुंडं. आणि त्यांच्यासमोर, जिथे गिरिजाबाई बसायच्या त्या पाटावर, लॅपटॉप.

‘‘स्वल्प थांबा,’’ भुवन म्हणाला. ‘‘स्वल्प. नेट हळू आहे.’’

सुष्माचा नवरा हे तिसऱ्यांदा म्हणत होता. पडद्यावर एक गोल चक्र फिरत होतं. फिरून फिरून ते थांबलं आणि मघाचीच ओळ परत आली: परवाना सापडत नाही, विक्रेत्याशी संपर्क साधा.

वाणी पाटासमोर बसली होती. सुष्माची लेक, उद्याची नवरी. पिवळी साडी, ओले केस, हातात हिरवा चुडा. लहानपणी रडू आवरायला अंगठा मुठीत दाबून धरायची, तसा तिनं आता धरला होता. तो सुष्माला दिसला, बाकी कुणाला नाही.

या घराण्याची एक रीत होती. वाडवडील म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात बारगीर. लेकीचं लग्न ठरलं की मोहिमेवर गेलेला बाप वेळेवर परतेल याचा काय भरवसा? म्हणून हळद दळायला घेण्याआधी घरातली थोरली बाई नवरीचं नाव गुंफून एक ओवी म्हणायची. नाव ओवीत आलं की हळद तिची झाली. मग बाप येवो, न येवो, लग्न अडत नसे. नावाची ओवी म्हणायचे तिला. गिरिजाबाईंनी नणंदांची म्हटली, भाच्यांची म्हटली, शेजारच्या कन्नड पोरींचीसुद्धा म्हटली. आणि वाणीची ओवी तर त्यांनी ती मांडीवर बसण्याएवढी असतानाच म्हणून ठेवली होती.

बेंगळूरहून तेव्हा एक कंपनी आली होती. म्हैसूरच्या मराठी बायकांची गाणी गोळा करत होती. गिरिजाबाई गात होत्या, वाणी मांडीवर बसून ‘‘माझी पण म्हण, अज्जी, माझी पण’’ म्हणून दंडाला लोंबकळत होती. शेवटी त्यांनी म्हटली. नाव ऐकून पोर खुदकन हसली, ते हसूही गाण्यात उतरलं. यंत्रावरचा माणूस म्हणाला, हे हसू कापून टाकतो. गिरिजाबाई म्हणाल्या, ‘‘ते कापलंस तर माझी ओवीही कापून टाक. दोन्ही एका नाळेची आहेत.’’

कंपनीनं हसू ठेवलं आणि गाण्यांना कुलूप घातलं. गाणी चोरीला जातात म्हणे. म्हणून ती विकत घेतलेल्या माणसानं ज्या कंप्युटरवर नोंदवली, तिथेच वाजायची. कंप्युटर बदलला तर कंपनीकडे नव्यानं परवाना मागायचा. घरचे म्हणून कंपनी फुकट द्यायला निघाली होती, पण खंडोजीरावांनी इतरांसारखी दाम मोजूनच घेतली. वर कंपनीच्या माणसाच्या हातावर हात ठेवून शब्द दिला, की या गाण्यांची नक्कल आमच्या घरातून होणार नाही. खंडोजीराव म्हणजे सुष्माचे सासरे, घरातले आप्पा. सारी नोकरी माउंटेड पोलिसात घोडे शिकवण्यात गेली. घोड्याला आणि माणसाला एकदाच शब्द द्यायचा, असं ते म्हणत.

पुढे गिरिजाबाई गेल्या. मग ती कंपनी बंद झाली. त्यानंतर कधीतरी जुना कंप्युटरही गेला. भुवननं त्यातलं सगळं नव्यात ओतलं. फाइल दिसत होती, आईचं नाव दिसत होतं. त्याला वाटलं, गाणंही आलं.

‘‘पण आप्पा रोज दुपारी ऐकतात की!’’ तो आता कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. ‘‘खोलीत दार लावून, कानाला लावून. वाजत असणार म्हणूनच ना? आज काय झालं मग याला?’’

जावयाकडची माणसं कोचावर बसली होती. कुशलचे आईवडील, दिगंबर आणि जयवंती. नोकरीमुळे नाशिकहून इकडे आलेले, हिनकलला फ्लॅट घेतलेला. गावात त्यांची माणसं थोडी, म्हणून दोन्हीकडची हळद इथेच दळायची ठरली होती.

‘‘अहो, यूट्यूबला बघा ना,’’ जयवंतीबाई म्हणाल्या. ‘‘सगळं असतं त्यावर. आमच्या कुशलच्या मुंजीतली मंगलाष्टकंसुद्धा सापडली मला.’’

‘‘आमच्या गिरिजाचं नाही तिथे, विहीणबाई,’’ खुर्चीतून जगन्नाथराव म्हणाले. गिरिजाबाईंचे भाऊ. मंडी मोहल्ल्यात त्यांचं टांग्याच्या साजाचं दुकान होतं. टांगे संपले तरी दुकानात बसायची सवय संपली नव्हती. ‘‘सिनेमाची गाणी आमच्या मंडीत टोपलीनं मिळायची. चोरीची. कांद्याच्या शेजारी. आमची ओवी मात्र चोरांनीसुद्धा विचारली नाही. चोरली असती कुणी पुण्यवंतानं, तर आज त्याच्या घरी जाऊन ऐकली असती, अल्वा? नाही का?’’

हसू फुटलं, पण अर्ध्यावरच विरलं. वाणी हसली नव्हती.

‘‘मी बघतो,’’ दिगंबरराव उठले. मोठ्या कंपनीत मॅनेजर होते, अडलेलं काम बघितलं की त्यांना राहवत नसे. ‘‘आपण पैसे देऊन घेतलंय ना? मग कस्टमर केअर असतंच. द्या तो नंबर.’’

नंबर पडद्यावरच होता. लागलाही. दिगंबररावांचा चेहरा उजळला, आणि पलीकडून कन्नड सुरू होताच पडला. त्यांनी फोन भुवनच्या हातात दिला. भुवन बराच वेळ ‘हौदा? हो का?’ करत ऐकत राहिला.

‘‘काय म्हणतात?’’ सुष्मानं विचारलं.

‘‘कोंबड्यांचं फार्म आहे. हासनकडचं. नंबर आता त्यांचा आहे.’’ भुवननं फोन खाली ठेवला. ‘‘म्हणाला, आधी खूप लोक रडत फोन करायचे, गाणी द्या, गाणी द्या. मी म्हटलं, बाबांनो, माझ्या कोंबड्या गात नाहीत. लग्नघर आहे कळल्यावर मात्र पोरीला आशीर्वाद सांगा म्हणाला.’’

‘‘चांगला माणूस,’’ जगन्नाथराव म्हणाले. ‘‘कंपनीपेक्षा बरा. फोन तरी उचलतो.’’ आणि बसल्या जागी बोटं आपटत त्यांनी जुन्या चालीवर ओवी जुळवली:

‘‘दाराला गं कुलूप । किल्ली धन्याच्या कमरेला
धनी गेला परमुलखी । कोण विचारी घराला’’

‘‘मामा, साकु, पुरे,’’ भुवन वैतागला. ‘‘राहुकाळ लागेल आता.’’

जयवंतीबाई पुढे सरकल्या. त्यांनी वाणीच्या पाठीवर हात ठेवला. ‘‘मी म्हणू का, बाळा? आमच्याकडचं येतं मला एक. नाव तुझं घालते की.’’

त्या मनापासून म्हणत होत्या. वाणीलाही ते कळलं. तिनं त्यांचा हात धरला. ‘‘म्हणा ना, आई. नंतर म्हणा. खरंच म्हणा. पण आधी…’’ तिचं मराठी इथे संपलं. ती सुष्माकडे वळली आणि कन्नडात म्हणाली, की अज्जीचं मला काहीच आठवत नाही, अम्मा. मांडी आठवते. साडीचा वास आठवतो. ती मला कशी हाक मारायची तेवढं एकदा ऐकायचं होतं, घर सोडायच्या आधी. मग पदर सावरून पुन्हा मराठीत: ‘‘इरली. राहू दे. यूट्यूबचं कायतरी लावा.’’

सुष्मा उठली. हातातलं सूप तिनं जयवंतीबाईंकडे दिलं आणि ती बाहेर व्हरांड्यात आली.

तरुण पायरीवर बसून मुसळाला आंब्याची पानं बांधत होता. तिचा धाकटा दीर. हुणसूर रोडवरच्या एका कंपनीत कंप्युटरचंच काम. आत काय चाललंय ते सगळं त्याला ऐकू येत होतं, पण गाठ काही संपत नव्हती.

‘‘भावजी.’’

‘‘नको, वैनी.’’

‘‘मी काही म्हटलं का?’’

‘‘म्हणणार आहात.’’ त्यानं पान दातात धरून सुतळी ओढली. ‘‘तेव्हा मी काय म्हटलं होतं? कंपनी बुडाली, आता हा कंप्युटर आहे तोवर आहे, मला अर्धा तास द्या, उघडून ठेवतो. काय म्हणाले आप्पा?’’

सुष्माला आठवत होतं. आत्ता उभी होती त्याच उंबऱ्यात तेव्हाही ती उभी होती. ‘चोराचं काम माझ्या उंबऱ्याच्या आत नाही,’ आप्पा म्हणाले होते. पाहुणे बसलेले. तरुणचा चेहरा पांढरा पडला. ‘आईचं गाणं मी चोरीन?’ एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून सणावाराला यायचा, जेवायचा, वाणीच्या डोक्यात टपली मारायचा. पण घरातल्या कुठल्या यंत्राला त्यानं बोट लावलं नाही. टीव्हीचा रिमोटसुद्धा ‘दादा, तू लाव’ म्हणून भुवनकडे द्यायचा.

‘‘आता उघडेल का ते?’’ तिनं विचारलं.

‘‘जुनं कुलूप आहे. लोकांनी कधीच शोधून काढलीय त्याची युक्ती. माझ्याजवळ आहे ती. अर्धा तासही लागायचा नाही.’’ तो कडवट हसला. ‘‘गंमत बघा वैनी. चोर या कुलपाजवळ कधी आलाच नाही. ज्यानं दाम मोजले, तोच तेवढा दाराबाहेर.’’

‘‘मग उघडा की. वाणीसाठी.’’

‘‘वाणीसाठी मी काहीही करीन. पण आप्पांनी म्हटलं पाहिजे. मागच्या दारानं उघडलं तर मी चोरच ठरलो ना त्यांच्या लेखी?’’ त्याचा आवाज खाली आला. ‘‘त्यांनी एकदा म्हणू दे. मी अजून या घरातलाच आहे, असं.’’

सुष्मानं त्याच्या पायाजवळचं एक पान उचलून त्याच्या हातात दिलं आणि आत गेली. स्वयंपाकघरातून कॉफीचा लोटा-वाटी घेतली आणि आप्पांच्या खोलीचं दार ढकललं.

मघाच्या गोंधळात त्यांनी पाटावरचा लॅपटॉप कधी उचलून आणला, कुणाला कळलं नव्हतं. फेटा बांधून, कोट घालून ते पलंगाच्या कडेला बसले होते. ताठ, घोड्यावर बसल्यासारखे. लॅपटॉप मांडीवर. कानाला ते काळे हेडफोन, फेट्यावरून ओढून बसवलेले. डोळे मिटलेले.

‘‘मावा, कॉफी.’’ सासू-सासऱ्यांना ती माहेरच्या कन्नडातच अत्ते-मावा म्हणायची.

त्यांना ऐकू गेलं. लगेच. सुष्मानं पडद्याकडे पाहिलं. तीच ओळ होती: परवाना सापडत नाही.

तिनं वाटी खाली ठेवली. ‘‘मावा, कधीपासून?’’

आप्पांनी हेडफोन काढले. लपवायचा प्रयत्न केला नाही. ‘‘जुना गेला तेव्हापासून.’’

‘‘म्हणजे रोज दुपारी तुम्ही…’’

‘‘बसतो. सवय आहे बसायची.’’

‘‘यांना सांगितलं का नाही?’’

‘‘भुवनला सांगितलं असतं तर तो तरुणला बोलवायला गेला असता.’’ आप्पांनी कॉफी लोट्यातून वाटीत ओतली, वाटीतून परत लोट्यात. ‘‘आणि तरुण आला असता. धावत आला असता. तेच कठीण होतं बघ.’’

बाहेर बायकांची कुजबुज वाढली होती. भुवन दारात येऊन उभा राहिला, मागोमाग जगन्नाथराव.

‘‘आप्पा,’’ भुवन म्हणाला, ‘‘मी आजवर तुमच्याच बाजूनं बोललो. शब्द म्हणजे शब्द. तरुणशी भांडलो त्यापायी. पण ज्याला दिला होता तो माणूसच राहिला नाही हो. तिथे आता कोंबड्या आहेत.’’

‘‘माणूस नाही म्हणून शब्द मेला का?’’

‘‘खंडोजी,’’ जगन्नाथराव चौकटीला टेकले. ‘‘तबेल्याला कुलूप आहे. राखणदार पळाला. आत घोडं तहानलंय. किल्लीची वाट बघत बसशील?’’

आप्पांनी मेहुण्याकडे पाहिलं. ‘‘घोडं जिवंत असतं, जगन्नाथ.’’

जगन्नाथरावांच्या तोंडातला पुढचा विनोद तोंडातच राहिला. ते खाली बघू लागले.

सुष्मा सासऱ्यांच्या समोर खाली बसली. ‘‘शब्द त्यांनीही दिला होता, मावा,’’ ती म्हणाली. ‘‘राखतो म्हणाले होते. अत्तेचं गाणं राखतो. तुमचा शब्द तुम्ही पाळलात. त्यांनी त्यांचा पाळला का?’’

‘‘दुसऱ्यानं लगाम सोडला म्हणून मी सोडायचा?’’ ते म्हणाले. पण आवाजात धार नव्हती. नातवंडाला समजावल्यासारखं बोलले. ‘‘माझ्याजवळ आहे काय दुसरं, पोरी? घोडे गेले. नोकरी गेली. ती गेली. एवढं एक धरून बसलोय.’’

सुष्माला वाटलं, झालं. उठावं, आणि जयवंतीबाईंना गायला सांगावं. त्याही प्रेमानंच गातील.

तेवढ्यात भुवनच्या हाताखालून वाणी आत आली. चुडा वाजला. ती आजोबांशेजारी पलंगावर बसली आणि तिनं लॅपटॉप हळूच मिटला.

‘‘ताता, ते नको. बेडा. भांडण नको माझ्या लग्नात.’’ तिनं त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्या हातावर लगामाचे जुने घट्टे होते. ‘‘तुम्हीच म्हणून दाखवा ना मला. तुम्ही एवढी वर्षं रोज ऐकलंत. अज्जी कशी म्हणायची, तसं. माझं नाव कुठे वर न्यायची, कुठे खाली आणायची. तेवढं दाखवा. मला तेवढं पुरे.’’

सुष्माला ते एकदम पटलं. इतका वेळ हे कुणाला कसं सुचलं नाही? भुवनचाही चेहरा सैल झाला. ‘‘हो आप्पा,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्हीच म्हणा. तुमच्या तोंडून आली तरी आईचीच ती.’’

आप्पांनी फेटा सारखा केला. घसा खाकरला. नातीकडे पाहिलं आणि सुरुवात केली:

‘‘चामुंडीचा डोंगर । पायऱ्या गं उतरला
वाणीच्या हळदीला । पिवळा शेला पांघरला…’’

शब्द सगळे आले. एकही चुकला नाही. पण ते नुसतेच आले, सरळ, एकामागून एक, कवायतीला उभ्या राहिलेल्या शिपायांसारखे. वाणीचं नाव आलं आणि इतर शब्दांसारखंच निघून गेलं. आप्पा थांबले. पुन्हा त्याच नावापाशी आले. एकदा वर नेलं, ते त्यांनाच पटलं नाही. एकदा खाली आणलं. मग नुसतंच म्हणाले, ‘‘वाणी.’’ आणि परत, अंधारात चाचपडल्यासारखं, ‘‘वाणी.’’

तोंड उघडंच राहिलं. आवाज निघेना.

‘‘ताता?’’ वाणी घाबरली. ‘‘राहू दे, ताता. छान म्हटलंत. खरंच छान होतं.’’

आप्पा उठले. वाणीच्या डोक्यावर हात ठेवला. पलंगावरचा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, भरल्या कळशीसारखा छातीशी धरला आणि निघाले. भुवन बाजूला झाला, जगन्नाथराव बाजूला झाले. हॉलमधल्या बायका, जात्याजवळच्या जयवंतीबाई, फोन हातात घेऊन उभे दिगंबरराव, सगळे बघत राहिले आणि म्हातारा कुणाकडेच न बघता उंबरा ओलांडून व्हरांड्यात गेला. सुष्मा मागोमाग गेली आणि दाराशी थांबली.

वडील येताना दिसले तसा तरुण पायरीवरून उठायला लागला. आप्पांनी खांदा दाबून त्याला बसवलं. स्वतःही बसले, त्याच्याच पायरीवर, पानांच्या ढिगाशेजारी. गुडघे कुरकुरले. कोट चुरगळला, तो त्यांनी सारखा केला नाही. लॅपटॉप त्यांनी मुलाच्या मांडीवर ठेवला.

‘‘उघड,’’ ते म्हणाले.

तरुणनं लॅपटॉपला हात लावला नाही. दोन्ही हात त्यानं वर धरले होते, बोटांना पानांचा चीक. ‘‘आप्पा, तुमचा शब्द?’’

‘‘मोडला तर मी मोडला. तू नाही मोडलास. तुला त्या दिवशी जे म्हणालो ते…’’ त्यांनी मान हलवली. ‘‘ते म्हणायला नको होतं. माझ्या घरात चोर कधी जन्मला नाही.’’

तरुणनं खाली बघितलं. पंच्यानं हात पुसले, एकेक बोट पुसलं, पुन्हा पुसलं. मग लॅपटॉपचं झाकण उघडलं.

‘‘वाणीसाठी ना, आप्पा?’’ तो हळूच म्हणाला. ‘‘करतो. तिच्या हळदीच्या आत होतं बघा.’’

समोर रस्त्यावरून फुलवाली ‘मल्लिगे, मल्लिगे’ करत गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत आप्पा तिच्याकडेच बघत होते. मग मुलाकडे न वळता, दाराशी उभ्या सुनेकडेही न वळता बोलू लागले. सुष्मानं चौकट घट्ट धरली.

‘‘तिच्यासाठी आहेच. पण नुसतं तिच्यासाठी नाही रे. जगन्नाथ म्हणतो, बहीण अजून कानात आहे. सुष्मा म्हणते, जात्याजवळ बसलं की अत्ते ऐकू येतात. सगळे म्हणतात, आणि मी मान हलवतो. हो म्हणतो. शब्द आहेत माझ्याजवळ सगळे, एकही सांडला नाही. रोज दुपारी डोळे मिटून बसतो, ती समोर येते, जात्यावर बसते, तोंड हलतं तिचं. आणि काही ऐकू येत नाही. तिचा आवाज मला आठवत नाही, तरुण. गेला. कधी गेला, तेही कळलं नाही.’’